मागच्यासाठी थांबण्याच्या वशाची कहाणी

हातांत अक्षता घ्या. तीर्थमाते, तुझी कहाणी ऐकतो.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक गाव होतं. तिथं सोनबा नावाचा टपालवाला होता, हौसाबाई त्याची बायको. सोनबाचा जन्म चालण्यात गेला. उभ्यानं पत्र द्यावं, उभ्यानं पाणी प्यावं, पुढचं दार गाठावं. हौसाबाई म्हणे, "अहो, एकदा देव दाखवा." सोनबा म्हणे, "नोकरी सुटू दे." नोकरी सुटली, हारतुरे झाले. तोवर हौसाबाईचे गुडघे धरले. तरी शब्द पाळला. यात्रेच्या बसमध्ये दोन जागा घेतल्या.

निघताना दोघं वेशीतल्या देवीला नारळ द्यायला गेली. पायरीवर एक म्हातारी वाती वळत होती. सोनबानं विचारलं, "आजी, यात्रा सुफळ व्हावी म्हणून काय करावं?"

"तुला कशाला सांगू, बाबा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. ज्याच्या संगतीनं घर सोडलंस, त्याच्या पावलानं चाल. देवाच्या उंबऱ्याशी थांब. मागचं माणूस आलं, की दोघांनी एकदम हात जोडा. घरी परतल्यावर यात्रेचं मावंदं घाल, आणि जो सगळ्यांत हळू चालतो त्याला पहिलं पान वाढ."

पहिला देव डोंगरावर. सोनबा पायरीपायरीला थांबला, उंबऱ्याशी थांबला. हौसाबाई आली, दोघांनी एकदम हात जोडले. देव लख्ख दिसला.

दुसरा देव नदीकाठी. रांग मोठी. सोनबाचे पाय शिवशिवले. "पुढं किती गर्दी आहे, बघून येतो," म्हणाला, आणि थेट आतच गेला. प्रसाद घेऊन परत आला. "झालं दर्शन. तू इथूनच हात जोड." हौसाबाईनं प्रसाद कपाळाला लावला. म्हणाली, "देवालासुद्धा पत्र टाकून आलात होय? उत्तराला तरी थांबायचं." बसमधल्या बायका हसल्या. सोनबाही हसला. पण देव अंधुकच दिसला होता, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तिसरा देव समुद्राकाठी. यात्रेचा म्होरक्या म्हणाला, "ऊन कलायच्या आत या, बस थांबणार नाही." सोनबानं हौसाबाईला वाळूवर बसवलं. "तू पाय भिजव, मी रांग धरतो." रांग धरली, सरकत सरकत उंबऱ्याशी आला. वसा आठवला. मागून माणसं म्हणाली, "चला काका, चला." मग गेला. गाभाऱ्यात हात जोडले, वर पाहिलं. समई दिसली, फुलं दिसली, देव दिसेना. डोळे पुसले, तरी दिसेना. शेजारच्याला विचारलं, "देव कुठं आहे?" तो म्हणाला, "समोर तर आहे."

सोनबा तसाच मागं वळला. धावत वाळूवर आला. हौसाबाई नाही. तिच्या वहाणा तेवढ्या पाण्याच्या कडेला. एक लाट आली, वहाणा भिजवून गेली. नारळवाला म्हणाला, "मघाशी एक म्हातारी पडली होती."

"पाण्यात?"

"ते काही पाहिलं नाही बुवा. नुसता गलका ऐकला."

वहाणा छातीशी धरल्या. घाटावर गेला, नाही. मग धर्मशाळेत गेला, नाही. मग अन्नछत्रात गेला, तिथंही नाही. ऊन कललं. बसनं भोंगा दिला. म्होरक्या म्हणाला, "काका, बसा. मावशी सापडल्या की निरोप येईल. पुढचा देव चुकेल."

"मला पुढचा देव नको."

बस गेली. सोनबा धापा टाकत देवळाच्या उंबऱ्याशी आला. तिथं वेशीतली तीच म्हातारी, तशीच वाती वळत.

"काय हरवलं रे?"

"बायको हरवली, आजी."

"कशी हरवली?"

"मी पुढं गेलो."

"मग अजून पुढंच का पळतोस? बस इथं."

सोनबा बसला. वाटलं, समुद्राकडं पुन्हा बघून यावं. उठला, बसला. वाटलं, मागची आळी राहिली. उठला, बसला. तिसऱ्यांदा पाय उठले, त्यानं दाबून धरले. भिजक्या वहाणा मांडीवर घेतल्या. त्याला उमगलं, आपली वाट बघत हौसाबाई रात्र पडेपर्यंत दारात बसायची, ती अशी. माणसं बाहेर येत होती. ही नव्हे, तीही नव्हे. दिवा लागला. पुजाऱ्यानं कवाडाला हात घातला.

तोच भिंतीला धरून कुणीसं आलं.

"अहो, किती पळवाल?" हौसाबाई म्हणाली. "चक्कर आली, बायकांनी उचलून पारावर सावलीत निजवलं. शुद्धीवर आले ती तुमच्या मागं. घाटावर गेले, लोक म्हणाले, ते आत्ताच गेले. धर्मशाळेत गेले, तिथंही म्हणाले, आत्ताच गेले. अन्नछत्रातही तेच. बसलात, म्हणून गाठलं."

सोनबा उठला. खाली वाकून तिच्या वहाणा बाजूला ठेवल्या, हात धरला. "पुजारीबुवा, पळभर थांबा." उंबऱ्याशी दोघांनी एकदम हात जोडले. समईची ज्योत मोठी झाली. देव दिसला, डोंगरावर दिसला तसा लख्ख. मागं वळून पाहतो तो म्हातारी नाही, वातींची जुडी तेवढी पायरीवर.

मग दोघं हळूहळू रस्त्याला लागली. वळणावर बस उभी, चाक बसलेलं, म्होरक्या घामाघूम. हौसाबाई चढली, मग सोनबा चढला. तोवर चाक लागलं.

घरी आली, मावंदं घातलं. पहिलं पान गावातल्या पांगळ्या जनाक्काला वाढलं. पुढं सोनबा बाजाराला निघाला, की हौसाबाई पुढं आणि तो मागं. लोक हसत. तो म्हणे, "हसा बापडे."

तीर्थमाते, सोनबाला त्याचं माणूस उंबऱ्याशी भेटलं, तसं ऐकणाऱ्याला भेटो, सांगणाऱ्याला भेटो. लांब वाटेची कहाणी, थोड्या बोलांत घरी आली, सुफळ झाली.