विसूचा माड

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. त्या गावात अनसूया नावाची एक बाई राहायची. तिचा मुलगा विसू जन्मला, त्या वर्षी तिनं अंगणात एक माड लावला. पोर आणि माड बरोबरीनं वाढले. पुढे विसू मासेमारीला समुद्रावर गेला, तो परतलाच नाही. त्याच पावसाळ्यात माडावर वीज पडली. शेंडा जळून गेला, नुसतं खोड उभं राहिलं.

अनसूयेनं ते खोड कुणाला तोडू दिलं नाही. दर सोमवारी ती उपास करायची, बुंध्याशी दिवा लावायची आणि तांब्याभर पाणी घालायची. आईचं मन ते. त्याला कोण नावं ठेवील?

नारळ पाडायला येणारा भागोजी एकदा म्हणाला, "काकू, हे खोड आतून कुजलंय. अशा खोडातच भुंगे अंडी घालतात. उद्या उडतील आणि लोकांच्या माडांचे कोवळे शेंडे पोखरतील. जाळून टाकूया."

"माझा विसू आहे तो," अनसूया म्हणाली. "तू तुझ्या पोरावर कुऱ्हाड घालशील का रे?"

भागोजी आपला कोयता उचलून निघाला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. गावातही कुणी काढला नाही.

शेजारी गोदा राहायची. नवऱ्यामागे तिचं पोट परसातल्या तीन माडांवर चालायचं. दोघींनी सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. संध्याकाळी उपास सोडताना गोदा चिडवायची, "वहिनी, तुमच्या आमटीतलं मीठ शोधायला देवच यायला हवा." पूर्वी एक सोमवार हिच्याकडे, एक तिच्याकडे असायचा. हल्ली मात्र गोदाच इकडे यायची. वहिनीला आपल्या घरी बोलवायची नाही.

उद्यापनाच्या सकाळी गोदा दारात उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वहिनी, कलशावर ठेवायला एक नारळ द्याल?"

अनसूयेला हसू आलं. "तीन माडांची मालकीण तू. समुद्रानं माझ्याकडे मीठ मागावं तसं झालं."

गोदा हसली नाही. "नारळ धरत नाहीत आता," एवढंच म्हणाली.

अनसूया तशीच उठली आणि गोदाच्या परसात गेली. झावळ्या कात्रीनं कातरल्यासारख्या झाल्या होत्या. दोन माडांचे शेंडे भुंग्यांनी पोखरून कलले होते. खाली लिंबाएवढी फळं गळून पडली होती.

"आणि नारळ न्यायला येणारी व्यापाऱ्याची गाडी?" अनसूयेनं विचारलं.

"चार बारक्या नारळांसाठी कोण गाडी वळवील? त्यानं दुसरं गाव धरलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खोड तोडलं असतंत. विसू दुसऱ्यांदा गेला असता. ते माझ्या तोंडून नको होतं, वहिनी."

अनसूया तडक मागे वळली. घरी येऊन तिनं देवापुढचा नारळ उचलला आणि गोदाच्या ओंजळीत ठेवला. दुकानातून आणलेला, कुठल्या परमुलखातला नारळ होता तो. मग ती स्वतः भागोजीच्या दारी गेली. म्हणाली, "कुऱ्हाड घेऊन चल."

खोडाला तिनं हळदकुंकू वाहिलं. क्षणभर कपाळ टेकलं आणि बाजूला झाली. घाव पडले, खोड दुभंगलं. आतून अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या बदाबदा बाहेर पडल्या. अनसूयेनं वाकून त्या पाहिल्या.

"मी ह्यांना पाणी घालत होते," ती म्हणाली.

खोड जाळलं. पण उशीर झाला होता. गोदाचे दोन माड गेलेच. एक तेवढा वाचला.

पुढे अनसूयेनं चांगली रोपं आणली आणि गोदाच्या परसात आपल्या हातानं लावली. गोदा हळूच म्हणाली, "ह्यातल्या एकाला विसू म्हणूया का?"

अनसूयेनं बुंध्याशी माती दाबली. डोळे पुसले.

"नको गं," ती म्हणाली. "माडाला माडच राहू दे." आणि तिनं त्याला तांब्याभर पाणी घातलं.

तात्पर्य: गेलेल्यासाठी रडावं, पण त्या दुःखाला रोज पाणी घालत बसू नये, ते आपल्या अंगणात वाढतं आणि शेजाऱ्याचं घर पोखरतं.