शब्दशः नोंद

"म्हणजे सही करणार नाही तुम्ही?"

"वाचते आधी," अक्का म्हणाल्या.

"त्यात वाचायचं काय... दोन वर्षं तुम्हीच शिकवलंय मला."

इचलकरंजीतल्या एका महिला समुपदेशन केंद्राची मागची खोली. रत्नाक्का तिथे सव्वीस वर्षं बायकांचं ऐकत होत्या. ऋजुता मगदूम त्यांच्या हाताखाली शिकत होती. तिची दोन वर्षांची पायाभूत पदविका झाली होती. आणखी एक वर्ष केलं की समुपदेशनाची पूर्ण पदवी. त्या प्रवेशासाठी एका बैठकीची शब्दशः नोंद जोडायची होती, खाली मार्गदर्शकाची सही. मुदत आज पाचपर्यंत.

अक्कांनी पान उलटलं.

"एवढी घाई कसली?"

"पदविकेवर शाळेत मदतनीस म्हणून घेतात, अक्का. मुलगी रडायला लागली की तिला पदवीवाल्या बाईंकडे नेऊन सोडायचं. त्या बाई तिला चित्रं रंगवायला देतात. माझ्याकडे पदवी असती तर ती मुलगी माझ्यासमोर बसली असती."

"खरंय."

"तुमच्या वेळी कुणी कागद मागत नव्हतं. तुमच्याकडे कुठंय पदवी?"

"नाही माझ्याकडे."

अक्का चिडल्या नाहीत. ऋजुताला त्याचाच जास्त राग आला.

अक्का उठून समुपदेशकाच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तिथे बस. बाईची वाक्यं तू वाच, तुझी मी वाचते."

"हे नाटक कशाला?"

"पाचला अजून दोन तास आहेत."

ऋजुता दुसरी प्रत घेऊन बसली. नोंद मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका बाईची होती. नाव अर्थात बदललेलं.

"'या आठवड्यात कसं वाटलं?'" अक्कांनी वाचलं.

"'मला एकाकी वाटते. माझ्या भावनांची दखल घेतली जात नाही.'"

"'हे कधी जास्त जाणवतं?'"

"'सायंकाळी. मला आधाराची गरज भासते, परंतु...'"

ऋजुता थांबली.

"वाच की."

"'...परंतु ती मी व्यक्त करू शकत नाही.'"

"कांड्या भरणारी बाई 'परंतु' म्हणाली?"

"शब्द जरा नीट केलेत. अर्थ तोच आहे. परीक्षक पुण्याचे असतात."

"काय म्हणाली होती?"

"अक्का, अर्थ..."

"काय म्हणाली होती?"

ऋजुताने कागद मांडीवर ठेवला.

"म्हणाली... 'सांजच्याला म्हायेरला फोन लावते. तिकडनं उचलला की कापते.'"

"रोज?"

"रोज."

"तिकडे कोण उचलतं?"

ऋजुताने कागद पुन्हा उचलून चाळला.

"ऋजुता."

"विचारलं नाही."

"का?"

"मी तेव्हा हे कुठल्या रकान्यात बसतं ते बघत होते. एकाकीपणात, की आधाराच्या गरजेत." तिचा आवाज चढला. "आणि ते रकाने तुम्हीच शिकवलेत."

"मीच शिकवलेत."

ऋजुताने टेबलावरचं पेन घेतलं. टाइप केलेल्या ओळीवर रेघ मारली आणि वर बाईचं वाक्य लिहिलं. मग मागची ओळ खोडली. मग तिच्याही मागची. काही ठिकाणी तिला आठवेना, तिथे तिने 'आठवत नाही' असं लिहिलं. फोनच्या ओळीखाली लिहिलं, 'कोण उचलतं ते विचारलं नाही.'

चार वाजून गेले.

"पान घाण झालं," ती म्हणाली. "परत टाइप करायला वेळ नाही."

"राहू दे."

अक्कांनी सगळं पुन्हा वाचलं. सही केली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'प्रवेशास योग्य.'

ऋजुताने ते दोन शब्द दोनदा वाचले. अर्ज पिशवीत घातला आणि चप्पल घालायला दाराशी गेली.

"त्या बाईची पुढची वेळ गुरुवारची ना?" अक्कांनी विचारलं.

"हो, अकराची."

"तिला माझ्याकडे पाठव."

ऋजुता वळली.

"आत्ता योग्य म्हणून सही केलीत... आणि माझी बाई काढून घेताय?"

"हो."

"ती विचारेल, तुम्ही का नाही म्हणून. काय सांगू तिला?"

"खरं तेच सांग. म्हणावं, मी शिकायला चाललेय."