चूल तिथे सारखी पट्टी

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजा-राण्यांना नावं असायची, पण ती घ्यायची कोणाची छाती नसायची, म्हणून ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. गोष्ट लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण त्यांच्याच करणीची आहे.

डोंगरात एक राज्य होतं. तिथे एक राणी राज्य करायची. तिच्या वडिलांनी मरण्यापूर्वी दोन गोष्टी मागे ठेवल्या, एक घाटातला रस्ता आणि एक कर्ज. रस्ता बांधायला सोनं लागलं, ते समुद्रकाठच्या राजाने दिलं. देताना त्याने अट घातली की कर्ज फिटेपर्यंत माझ्या मालावर तुमच्या घाटात जकात घ्यायची नाही. म्हाताऱ्या राजाने मान डोलावली. फेडायला आपण नसणार हे माहीत असलं की मान पटकन डोलते.

रस्ता झाला. त्यावरून सगळ्यात आधी आलं ते समुद्रराज्याचं तेल. मोठमोठी पिंपं, गाड्यांवर गाड्या, आणि भाव असा की राजवाड्याखालच्या तेलीआळीतले घाणे एकेक करून थांबले. बैल विकले गेले. तेली दुसऱ्यांच्या गाड्या हाकायला लागले.

आता कर्ज फेडायचं तर पैसा हवा. जकात तर घेता येत नाही. राहिली चूलपट्टी, म्हणजे दर चुलीमागे कर.

ही चूलपट्टी थोरल्या पंडितांची. त्या राज्यात अर्थशास्त्र जाणणाऱ्या पंडितांची सभा असायची, आणि सभेची रीत अशी होती की वादात जो जिंकेल त्याचं वाक्य दगडावर कोरून राजवाड्याच्या दारात उभं करायचं. दगड उभा असेतो त्या पंडिताला, त्याच्या मुलाला, शिष्यांना आणि शिष्यांच्या शिष्यांना राजाच्या कोठारातून धान्य मिळायचं. थोरल्या पंडितांनी तरुणपणी एक मोठा वाद जिंकला होता. त्यांचा दगड सगळ्यांत उंच होता. त्यावर कोरलं होतं, ‘चूल तिथे सारखी पट्टी.’ त्यांचं म्हणणं असं की चूल प्रत्येकाच्या घरी असते आणि धूर कोणाला लपवता येत नाही. शिवाय सगळ्यांना सारखी पट्टी, म्हणजे अन्याय कोणावरच नाही.

ऐकायला किती छान आहे ना. ऐकायला छान असलेल्या गोष्टींची सभेत चलती असते.

पंडित मंडळी रोज सकाळी राजवाड्याच्या गच्चीवर चढून खालच्या आळ्यांमधला धूर बघत. त्यावरून पट्टी किती जमेल याचा अंदाज बांधत. तर एका वर्षी धूर कमी झाला. पुढच्या वर्षी अजून कमी. तेलीआळीच्या बाजूला तर एकच रेघ वर यायची, तीही उशिरापर्यंत.

सभेत वाद पेटला. धाकटे पंडित म्हणून एक होते, रस्त्याचा दगड त्यांचा. ‘रस्ता तिथे लक्ष्मी’ असं त्यावर कोरलेलं. त्यांनी सिद्ध केलं की रस्त्यामुळे लोक इतके सुखी झालेत की घरी रांधतच नाहीत, बाजारातून आणून खातात. तेव्हा अजून कर्ज काढा आणि अजून एक रस्ता बांधा. थोरल्या पंडितांनी सिद्ध केलं की लोक चोर झालेत, चुली लपवतात. तिसऱ्या एकाने वाऱ्यावर ठपका ठेवला. पंधरवडाभर हे चाललं. दुपारी जेवणं होत, मग थोडी झोप, मग पुन्हा वाद.

तेलीआळी राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होती. नुसतं कठड्यावरून ओरडून विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं कबूल करायचं. तेवढं त्यांच्याच्याने झालं नाही.

मग समुद्रराज्याचा दूत आला. हप्ता थकला होता. तो म्हणाला, पुढच्या अमावस्येपर्यंत सोनं द्या, नाहीतर घाट आमच्या नावावर करा. आणि वर सल्लाही दिला की चूलपट्टी चौपट करा, तुमचा सगळ्यात खात्रीचा कर तोच. कर्ज देणारा सल्ला फुकट देतो.

आणि बघा, पंधरवडाभर एकमेकांच्या शेंड्या उपटणाऱ्या त्या सभेचं या एका गोष्टीवर ताबडतोब एकमत झालं. चौपट करायला कोणाची हरकत नव्हती. सभेतल्या पंडितांच्या घरची चूलपट्टी माफ होती, हे सांगायचं राहिलं.

राणीला ते बरं वाटत नव्हतं. पण घाट गेला तर राज्य गेलं, हे तिला कळत होतं. तिने हो म्हटलं.

सभा उठताना धाकटे पंडित थोरल्यांना हसत म्हणाले, “धूर लपवता येत नाही, हे तुमच्या दगडावरचं तत्त्व. लोक चूल लपवतात, हे तुमचं आजचं म्हणणं. यातलं खरं कोणतं, काका?”

थोरल्यांना ते झोंबलं. तेव्हा हे लक्षात ठेवा, पुढे थोरले पंडित आळीत गेले ते काही दया येऊन नाही. ते गेले चोर पकडायला. दुसऱ्या दिवशी सकाळी पगडी घरी ठेवून, काठी टेकत टेकत ते उतार उतरले. किती वर्षांनी, ते त्यांनाही आठवेना.

आळीतलं पहिलं घर उघडंच होतं. त्यांनी वाकून आत पाहिलं. चुलीत मांजर व्यालं होतं. पिल्लं राखेत लोळत होती. ही म्हण त्यांनी आयुष्यभर भाषणांत वापरली होती, मांजर मात्र आज पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या घरात चूलच मोडून टाकलेली, तिथे कांदे ठेवलेले. तिसऱ्या घरातही गार राख.

आळीच्या टोकाच्या घरातून धूर येत होता. अंगणात बायका-पुरुष आपापली भांडी घेऊन रांगेत बसले होते. चुलीपाशी एक बाई होती, तिला सगळे आक्का म्हणत. डोळे धुराने लाल झालेले आणि तोंडाचा पट्टा चालू.

तिने पंडितांकडे एक नजर टाकली. “बसा आजोबा रांगेत. लाकूड आणलंय?”

“नाही.”

“घरात कोणी आजारी? बाळंतीण?”

“नाही.”

“मग ऐतखाऊच की हो तुम्ही.”

रांग हसली. पंडितांना आयुष्यात इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. ते गुपचूप बसले.

बसल्या बसल्या त्यांना कळलं. सगळ्या आळीने आपापल्या चुली विझवून ही एक ठेवली होती. पट्टी एका चुलीची, ती सगळे मिळून भरत. लपवलं कोणी काहीच नव्हतं. जे होतं ते एवढंच.

तेवढ्यात भांडण लागलं. ज्याचा बैल अजून शाबूत होता असा एक जण मोठा ओंडका आणून आदळत कुरकुरत होता की शेजारी मूठभर काटक्या आणतो आणि मी ओंडका, हा कुठला न्याय. आक्काने त्याला सांगितलं की तुझ्याकडे ओढायला बैल आहे म्हणून ओंडका, बैल मेला की तूही काटक्या आण, कोणी विचारणार नाही. तो पुटपुटत बसला. कोपऱ्यातल्या एका बाळंतिणीने काहीच आणलं नव्हतं, आणि पेज पहिली तिचीच शिजत होती.

पंडितांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, “सगळ्यांनी सारखं लाकूड द्यायचं, असं का नाही ठरवलं? तेच न्यायाचं नव्हे का?”

आक्काने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“तसंच होतं आधी,” ती म्हणाली. “घरटी एक लाकूड. नाही आणलं तर भांडं चढायचं नाही. पावसात या बाळंतिणीच्या जावेला आणता आलं नाही. तान्ह्या पोराला तिने कच्चं पीठ पाण्यात कालवून पाजलं. पोर राहिलं नाही. मग आम्ही ते सारखं-बिरखं बंद केलं, आजोबा.”



इतक्यात आळीच्या तोंडाशी दवंडी वाजली. अमावस्येच्या आत चौपट चूलपट्टी भरायची, नाहीतर चूल विझवायची. दवंडीवाला मान खाली घालूनच ओरडत होता, कारण त्याचंही भांडं त्याच रांगेत होतं.

कोणी रडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. आक्का एवढंच म्हणाली की आता ही एक चूलही परवडायची नाही, अमावस्येपासून दाणे भिजवून खायचे, दात आहेत त्यांनी. बाळंतिणीने पोराला पदराखाली घेतलं. त्याला दात नव्हते.

पंडितांनी हळूच विचारलं, “ही पट्टी कोणी बसवली, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“असेल कोणी शहाणा,” आक्का म्हणाली. “आम्हा येड्यांना एवढं सुचत नाही.”

आणि तिने त्यांच्यापुढे वाटीभर पेज ठेवली. रांगेत बसलेला माणूस उपाशी उठवायचा नाही, एवढी रीत अजून शिल्लक होती. पंडितांनी पेज संपवली, वाटी धुऊन ठेवली आणि ते उठले.

चढ चढताना ते पुन्हा पुन्हा थांबत होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दम लागलाय. दम नव्हता लागला. दगड पडला की धान्य बंद. पोटचा मुलगा त्याच धान्यावर, सगळे शिष्य त्याच धान्यावर. गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. आळीत गेलो होतो हेही कोणाला माहीत नव्हतं. तुम्ही-आम्ही त्या जागी काय केलं असतं, याची मी खात्री देत नाही. बहुतेक म्हातारे घरी जाऊन झोपले असते. हा नाही झोपला, म्हणून ही गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत ते उभे राहिले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

सभेला काही समजेना. वादात जिंकणं, हरणं, वाद पुढे ढकलणं, या सगळ्याचे नियम होते. याचा नियमच नव्हता. मुलगा मागून त्यांचं उपरणं ओढू लागला. एक शिष्य कुजबुजला, साठी बुद्धी नाठी. धाकटे पंडित मात्र चटकन उठले आणि म्हणाले की म्हणजे वाद मी जिंकलो.

“तूही हरलास बाबा,” थोरले म्हणाले. “लोक बाजारातून आणून खातात म्हणालास ना? चल, तुला चुलीतलं मांजर दाखवतो.”

मग त्यांनी पाहिलं तसं सगळं सांगितलं. मेलेल्या पोराचंही सांगितलं. आणि म्हणाले की ज्याच्याकडे बैल आहे त्याने ओंडका द्यावा, नाही त्याने काटकी द्यावी, आणि बाळंतिणीकडून काहीच घेऊ नये. त्याखेरीज समुद्रराज्याच्या तेलावर घाटात थोडी जकात बसवावी आणि हप्ता लहान करून मागावा.

सोन्यासाठी थांबलेला दूत सभेतच होता, तो हसला. करारात जकात नाही, आणि अमावस्या जवळ आली आहे, एवढंच तो म्हणाला.

राणीने थोरल्यांकडे पाहिलं. “यांनी घाट घेतला तर?”

“घेऊ द्या,” थोरले दूताकडे वळून म्हणाले. “अमावस्येनंतर या राज्यात चूल पेटणार नाही. लोक भिजवलेले दाणे खातील. तुमच्या तेलाची फोडणी मग कोण देणार आहे? घाट घ्या आणि त्यातून पिंपं परत घेऊन जा.”

दूताचं हसू उतरलं. तो व्यापारी राज्याचा माणूस होता. मेलेल्या पोराने तो हलला नव्हता, पण न विकलेल्या तेलाचं दुःख त्याला लगेच समजलं.

राणी म्हणाली, “चूलपट्टी आजपासून बंद. तुमच्या राजाला हे असंच सांगा. कर्ज आम्ही नाकारत नाही. पण आम्ही जगलो तरच फिटेल.”

दूत गेला आणि महिन्याभराने परत आला. समुद्रराजाने दात-ओठ खात मान्य केलं होतं. हप्ता लहान झाला, तेलावर जकात बसली, आणि ज्याची जशी ऐपत तसा कर सुरू झाला. पंडितांच्या घरांनाही तो लागला, तेव्हा सभेत काय रडारड झाली ती विचारू नका.

सगळं काही छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. कर्ज फिटायला राणीची नातवंडं यावी लागली. काही घाणे पुन्हा फिरले, काही कायमचे मोडले. आळीतली काही घरं आधीच राज्य सोडून गेली होती, ती परत आली नाहीत. जावेचं पोर तर गेलंच.

थोरल्या पंडितांचा दगड पाडला. तो आडवा झाला तेव्हा ते तिथेच उभे होते. कोठाराचं धान्य बंद झालं. मुलगा बरीच वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. त्यांना कोणी शाल दिली नाही की त्यांचा पुतळा उभारला नाही. धाकट्या पंडितांचा दगड मात्र अजून दारात आहे, आणि दुसरा रस्ता हवाच, हे ते अजून सिद्ध करत आहेत.

पण त्या अमावस्येला तेलीआळीवर धुराची रेघ उठली, आणि पुढच्या महिन्यात तिच्या शेजारी दुसरी.

तात्पर्य: ज्या शहाण्याला ‘माझं चुकलं’ म्हणता येत नाही, त्याच्या शहाणपणाची किंमत दुसऱ्यांची पोरं मोजतात.