हौसाक्काने केलेली जमीन

फार फार वर्षं झाली, तेव्हा भेगेवाडीत गोठे दर साली नव्याने उभारावे लागत. गावची माती काळीभोर. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत, आणि पावसात ती अशी फुगे की कोंबड्यांचं खुराडंसुद्धा एका अंगाला कलंडे. घरांना खोल पाया असे. पण गोठ्याला, खुराड्याला पाया कोण घालतो? चार खांब रोवले, वर छप्पर टाकलं, की झालं.

त्या गावात हौसाक्का राहायची. पाया खणायचा, मुरूम चोपायचा, हेच तिचं काम. नवरा तरुणपणीच गेला, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. असं म्हणतात, की ती जमिनीला कान लावून मुरूम किती हात खाली आहे ते सांगायची, आणि ते कधी चुकलं नाही.

एका साली आषाढ सरताना रखमाजी पाटलांची म्हैस बसली ती उठेना. गाभण, दिवस भरत आलेले, आणि चिखलात उभं राहून चारी खूर सडलेले. वैदूने हात टेकले. तेव्हा हौसाक्का पाटलांकडं गेली.

"पाटील, औषधं पुरे झाली. तिच्या पायाखालची जमीन बदला."

"अगं आक्का, गोठ्याला कुणी पाया घालतं का? लोक हसतील मला."

"हसू द्या. म्हस तर उभी ऱ्हाईल!"

पाऊस उघडला होता. हौसाक्काने शेजारच्या मोकळ्या जागेत कान लावला. "तीन हात," ती म्हणाली. चार दिवस पाटलांचं सगळं घर राबत होतं. बरोबर तीन हातांवर मुरूम लागला. मग काळी माती उपसून खाली दगड भरले, वर मुरूम टाकला, मागच्या बाजूला चार बोटं उतार ठेवला. आता चोपणं तेवढं राहिलं होतं.

पाचव्या दिवशी पश्चिमेकडून ढग चढू लागले. हौसाक्काने मुरूम चोपायचा धुम्मस उचलला, तोच पाटलीणबाई आडव्या आल्या. "आक्का, आज नागपंचमी. आज जमिनीवर घाव घालायचा न्हाई."

सैल मुरुमावर पाऊस पडला, तर पुन्हा चिखलच. हौसाक्काने धुम्मस खाली ठेवला. एवढ्यात वडाकडून गाणी ऐकू आली. माहेरी आलेल्या लेकी फुगड्या घालत होत्या. आपल्याला माहेर नाही, तिथं जाऊन करायचं काय, म्हणून वीस वर्षं ती तिकडं फिरकली नव्हती. आज मात्र पळत सुटली.

"पोरींनो, नाचायचंच हाय, तर माझ्या जमिनीवर नाचा! नाचण्यानं काय घाव बसत न्हाई!"

पोरी हसत हसत आल्या. फुगडी झाली, झिम्मा झाला. मुरूम नीट बसावा म्हणून हौसाक्का कडेला उभी राहून बेताबेताने पाणी शिंपडत होती. पाटलांच्या साळूने तिच्या हातातली कळशी काढून घेतली. "आक्का, तू बी ये." आधी तिचे पाय अडखळले. मग अशी फुगडी रंगली की साळूच म्हणाली, "पुरे गं बाई, दमले!"

असं म्हणतात, की तो आवाज ऐकून सात गावच्या बाया नाचायला आल्या, आणि ढग टेकडीवर थांबून बघत राहिले. सांजेला हौसाक्काने लोटाभर पाणी ओतलं. थेंबही न मुरता ते उतारावरून नालीत गेलं. तेव्हा म्हैस आपली आपण उठली आणि चालत येऊन त्या जमिनीवर उभी राहिली. मगच पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी, वर छप्पर घातलेल्या त्या कोरड्या ठणठणीत जागेवर, तिला पारडू झालं.

"आक्का, काय देऊ तुला?" पाटलांनी विचारलं.

"दर पंचमीला मला बोलावणं धाडा."

ते बोलावणं तिला जन्मभर येत राहिलं.

अजूनही भेगेवाडीत गोठा असो, न्हाणी असो, नाहीतर मोटारसायकलची शेड, पाया भरला की बायांना बोलावतात. पहिली फुगडी माहेर नसलेल्या बाईची. तिला हळदकुंकू लावून मानाने आणतात. मिस्त्री कडेला बिडी ओढत बसतो. हौसाक्काचं नाव घेऊन नाचणाऱ्या बाया दमून खाली बसेपर्यंत त्याला काँक्रीट कालवू देत नाहीत.