दोरखंडाचं गाणं

फार फार जुनी गोष्ट आहे. समुद्राकाठी एक गाव होतं आणि साऱ्या गावाचं मिळून एकच मोठं गलबत होतं. पावसाळा तोंडावर आला की ते ओढून भरतीच्या रेषेच्या वर आणायचं. खाली राहिलं तर लाटा त्याच्या फळ्या करणार आणि गाव वर्षभर उपाशी.

गलबत ओढायला प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, आणि ओढताना गायला दरवर्षी नवं गाणं लागायचं. गाण्याची व्यवस्था तीन म्हाताऱ्यांकडे होती. एकेकाळी तिघेही गाणी रचत. आता ती कशी रचावीत, एवढंच सांगत.

त्यांचा नियम असा, की गाणं रचणाऱ्याने डोंगरावरच्या लेण्यात एकटं बसायचं. म्हाताऱ्यांखेरीज कुणाशी बोलायचं नाही, घरचं काम करायचं नाही. आणि दोरखंडाला तर हातही लावायचा नाही, कारण दोराला हात लागला की शब्द राठ होतात.

गेल्या वर्षी त्यांच्यातल्याच थोरल्या म्हाताऱ्याने गाणं रचलं होतं. त्यात चंद्र होता, कमळ होतं, आणि ओळ एवढी लांब, की अर्ध्यातच माणसांचा दम तुटला. काहींनी ओढलं, काही थांबले. गलबत मागे घसरलं आणि एका माणसाचा पाय त्याखाली चिरडला. नंतर ते कसंबसं वर आलं.

“ओढणाऱ्यांच्या मनात भाव नव्हता,” म्हातारे म्हणाले.

या वर्षी त्यांनी एका तरुण मुलीला लेण्यात बसवलं. चिरडलेल्या पायाचा तो माणूस तिच्या ताईचा नवरा. त्यामुळे या खेपेला त्या घरातून दोरावर ताईच उभी राहणार होती. गाणं फसलं तर काय होईल, हे मुलीला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण तिला काही सुचेना. रोज उजाडायचं, रोज तीच भिंत. बसून बसून ती इतकी थकली, की थकल्याचंही तिला नवल वाटेनासं झालं.

“विरह लागतो, पोरी,” एकदा लेण्यात डोकावून थोरला म्हातारा म्हणाला. “माणसांपासून लांब राहिलं की काव्य फुटतं.”

“मला नुसतं डोकं फुटल्यासारखं वाटतंय, आजोबा.”

“तोंड फार चालतं तुझं. लेखणी चालव.”

ताई रोज भाकरी आणि पाण्याचा हंडा घेऊन डोंगर चढायची. एके दिवशी ती आलीच नाही. मुलीने वरून पाहिलं, तर ताई पायथ्याच्या दगडावर बसलेली. नियम गुंडाळून ठेवून मुलगी खाली धावली.

“काय झालं गं?”

“काही नाही. जरा बसले. घरी त्यांना उठवायचं, बसवायचं, मग मासे वाळत घालायचे, मग तुझा हा डोंगर.” ताई हसली, पण हसताना तिचे डोळे मिटत होते. “सुचलं का काही?”

“नाही.”

“मग तुझ्यापेक्षा माझं बरं. निदान हंडा तरी भरलाय.”

मुलीने तो हंडा आपल्या डोक्यावर घेतला आणि चढू लागली. थोड्याच अंतरावर मान दुखायला लागली, पाय थरथरले. मागून येणारी ताई पुटपुटत होती, “दमले गं बाई. थोडंच राहिलं. दमले गं बाई. थोडंच राहिलं.” दोन-तीन शब्द, एक श्वास, एक पाऊल. काही वेळाने मुलगीही तेच पुटपुटू लागली, आणि वर पोहोचेपर्यंत त्याला आणखी ओळी जोडल्या गेल्या होत्या.

म्हाताऱ्यांनी गाणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“ही तर कुरकुर आहे! यात चंद्र कुठाय?”

“आजोबा, चंद्र कुणाला ओढायचाय?”

म्हातारे भडकले. त्यांनी गेल्या वर्षीचंच गाणं म्हणायचं ठरवलं.

ओढायचा दिवस आला. आभाळ काळं झालं होतं, भरती चढत होती. थोरल्या म्हाताऱ्याने कमळाची ओळ सुरू केली. गलबत अर्ध्या वाटेवर आलं, माणसांचा दम तुटला आणि ते मागे सरकू लागलं. ताईचे पाय वाळूत घसरले.

मुलगी धावली. तिने ताईच्या मागे दोर पकडला आणि ओरडली,

“दमलो रे दमलो!”

“हां!” आपोआप कुणीतरी म्हणालं.

“थोडंच राहिलं!”

“हां!”

“पाठीचा दगड!”

“हां!”

“घरी चूल गार!”

“हां!”

प्रत्येक ‘हां’ला सगळ्यांचं वजन एकदम दोरावर पडू लागलं. गलबत थांबलं. मग तसूतसूने वर आलं आणि भरतीची रेषा ओलांडून टेकलं. कुणी जयजयकार केला नाही. तेवढी ताकद कुणात उरलीच नव्हती. माणसं जागच्या जागी वाळूत बसली.

थोरला म्हातारा काठी टेकत आला. “बघा, लेण्यातल्या शांततेची कृपा! पोरी, पुढच्या वर्षीही तिथंच बस.”

मुलीने दोराने सोलवटलेले तळवे त्याच्यापुढे धरले. “आजोबा, गाणं इथून आलं. तुम्हाला हवं असेल तर पुढच्या वर्षी तुम्ही दोर धरा. मी आता झोपते.” आणि ताईच्या मांडीवर डोकं ठेवून ती खरंच झोपली.

त्यानंतर गावाने लेण्यात कुणाला बसवलं नाही. गाणं रचायचं ते दोर धरणाऱ्यांनीच, असं ठरलं. दोन म्हातारे शेवटपर्यंत म्हणत राहिले, की गाण्याचा नाश झाला. थोरला मात्र पुढच्या पावसाळ्याआधी गुपचूप येऊन दोराच्या टोकाला उभा राहिला. त्याच्या थरथरत्या हातांना जागा करून द्यायला मुलगी थोडी पुढे सरकली.

तात्पर्य : ज्याने भार उचललाच नाही, त्याला त्या भाराचं गाणं सुचत नाही.