सरकून घ्या

वस्तूंना वाचा होती आणि माणसांना सवड होती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या एका वाडीत सभेला अंथरायची जुनी सतरंजी होती. पुढे सभेसाठी वीस नव्या लोखंडी खुर्च्या आल्या आणि सतरंजी गुंडाळून दाराशी उभी राहिली.

“आमच्याकडे ज्याची त्याला जागा,” खुर्च्या ऐटीत म्हणाल्या. आपण विटलो, उसवलो, हे सतरंजीला ठाऊक होतं.

त्या दिवशी वाडीचा नळ कुठे बसवायचा ते ठरणार होतं. विसाच्या वीस खुर्च्या भरल्या आणि मग ओढ्यापलीकडून हौसाक्का आली. सगळ्यांत लांबून पाणी तीच वाहायची. उभं राहून तिचे गुडघे दुखायला लागले.

“तुम्ही ठरवा बाबांनो, मी निघते,” ती म्हणाली.

सतरंजी खुर्च्यांना म्हणाली, “अगं बायांनो, सरका ना जरा!”

“आम्ही सरकलो तरी जागा वीसच,” खुर्च्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला होता.

तेव्हा सतरंजीने अंग सैल सोडलं. ती धपकन पडली आणि उलगडत गेली, ती थेट हौसाक्काच्या पायांपाशी.

पुढच्या खुर्चीवर बसलेले तुळशीरामतात्या हसले. खुर्ची सोडून खाली मांडी घालत म्हणाले, “या रे सगळे. सरकून घ्या, अक्काला बसू द्या.”

अक्काने आपली पाण्याची पायपीट सांगितली आणि नळ ओढ्यापलीकडे बसवायचं ठरलं. सभा उठेपर्यंत आणखी चौघी आल्या. दर वेळी सतरंजी भरलेली होती, आणि दर वेळी जागा झाली.