शापित कोठीची तिसरी खूण

एका राज्यात एक कोठी होती. तिला कुलूप नव्हते, शाप होता. आत नवरत्नांचा मुकुट, आणि मुकुटापासून दारापर्यंत सात कोठीवाले दगड होऊन उभे. सातवा दगड झाला तेव्हापासून वीस वर्षे कारभार त्यांच्या हाताखालच्या हैबतीने ओढला. पण कोठीवाल्याची पगडी चढली राणीच्या भावाच्या, वीरधवलच्या डोक्यावर. खपावे एकाने, मिरवावे दुसऱ्याने!

राजा म्हणाला, “हैबती, याला तीन दिवसांत तयार कर. चौथ्या दिवशी हा आत जाऊन मुकुट आणील.”

“शिकवीन, महाराज. पण माझे काय चुकले?”

राजा उठून महालात गेला. हैबतीचे काळीज जळले.

पहिल्या दिवशी त्याने शिकवले, दार नाव विचारते, सांगायचे नाही. दुसऱ्या दिवशी शिकवले, उंबऱ्यावरचा राघू स्तुती करतो, थांबायचे नाही. तिसरी खूण त्याने स्वतः हेरली होती. सातही पुतळ्यांची तोंडे दाराकडे होती, म्हणजे सातांनीही मुकुटाच्या आसनाला पाठ दाखवली होती. दरबारातून निघतात तसे उलट्या पावली निघायचे, एवढेच. ती खूण मात्र त्याने पोटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “झाले सगळे.”

चौथ्या दिवशी वीरधवल त्याच्या पाया पडला. “काका, पगडी तुमची होती. ताईपुढे माझे काही चालले नाही.”

तो आत गेला. दाराला नाव सांगितले नाही, राघूपाशी थांबला नाही. मुकुट उचलला आणि वळू लागला. आठव्या पुतळ्यापुरती जागा मोकळीच होती. दारातून पाहणाऱ्या हैबतीला ती पाहवेना.

“पोरा, पाठ फिरवू नकोस! उलट्या पावली ये!”

वीरधवल तसाच बाहेर आला. राघू म्हणाला, “एका जादूगाराच्या गुरूने शेवटचा मंत्र त्याच्यापासून हातचा राखला, म्हणून रागाने त्या जादूगाराने हा शाप घातला. आज हातचे न राखणारा भेटला. शाप फिटला.”

सातही कोठीवाले शिंकले आणि मिशांवरची धूळ झटकत चालू लागले.

भर दरबारात वीरधवलने पगडी उतरवली. “महाराज, मी शिकाऊ. कोठीवाले हे.”

राजा सिंहासनावरून खाली आला. स्वतःच्या हाताने पगडी ठेवत म्हणाला, “हैबती, तुझे काही चुकले नव्हते. चुकले माझे.”

पगडी जराशी सैल झाली. वीस वर्षांत केस ओसरले होते, दुसरे काय! पण हैबतीची मान अशी ताठ, की पगडी पडली नाही ती नाहीच.